दुसऱ्या रिमोटचं स्टार्ट बटण : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

लालबागची खोली पुनर्विकासात जाणार हे गेली कित्येक वर्षं ऐकतोय. यंदा ते खरं वाटायला लागलंय, कारण आईने माळा आवरायला काढला. पितळेच्या घागरी, माझी इंजिनिअरिंगची जर्नलं आणि त्यांच्या मागे जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला टीव्ही गेम. कन्सोल, दोन रिमोट, बंदूक आणि चार पिवळ्या कॅसेट. कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. या नोंदींतही तेच शब्द राहतील.

अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय, पण लोड नसताना मीटर १३ दाखवतो. त्या काळच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचं असंच असतं, कन्सोलच्या आतली ७८०५ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप त्याचे ५ व्होल्ट करते. पिन मात्र आत मायनस आणि बाहेर प्लस निघाली. हे आधी मोजलं म्हणून बरं झालं. आजकालचा बाजारातला अडॅप्टर सरळ खुपसला असता तर सगळं उलटं गेलं असतं.

कॅसेटचे काँटॅक्ट खोडरबरने घासले. फुंकर मारली नाही. लहानपणी मारलेल्या सगळ्या फुंकरांची थुंकी तिथे हिरवी होऊन बसलीये. आईच्या २१ इंची पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीला जोडलं, पहिल्या खेपेला करडा पडदा, तिसऱ्याला मारिओ.

पहिला रिमोट चालतो. दुसरा मेलाय. त्याची वायर प्लगजवळ चावलेली आहे आणि ते उंदराचे दात नाहीत. धाकटी बहीण हरली की वायर चावायची. तिचाही राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. दुसरा रिमोट कायम तिच्या वाट्याला, आणि त्याला स्टार्ट-सिलेक्ट बटणंच नाहीत. तहान लागली तरी तिला माझ्याकडे पॉझ मागावा लागायचा, आणि मी तो देत नसे.

म्हणून हा प्रकल्प. गणपतीत सगळे या खोलीत जमतील, बहुधा शेवटचे. तोवर तिच्या रिमोटला पॉझ असलेलं स्टार्ट बटण. २७ ऑगस्टला चतुर्थी आहे, म्हणजे भरपूर वेळ. (असं आज वाटतंय.)

१४ जून, शनिवार

दोन्ही रिमोट उघडले. मागचे पाच स्क्रू, त्यांतला एक गंजलेला. आत सर्किटच्या पाटीवर चिप म्हणून काळ्या एपॉक्सीचा एक टिक्का. नंबर नाही, पाय नाहीत.

गंमत अशी की दोन्ही रिमोटची पाटी एकच आहे. दुसऱ्याच्या पाटीवरही स्टार्ट आणि सिलेक्टचे कार्बनचे ठिपके शाबूत आहेत, पटऱ्या टिक्क्यापर्यंत गेल्यात. वरच्या प्लास्टिकला भोक पाडलेलं नाही आणि खाली रबर ठेवलेलं नाही, एवढंच. म्हणजे बटण होतं, फक्त भोक नव्हतं. बहिणीला हे फोनवर सांगितलं. ती पाच सेकंद काहीच बोलली नाही.

याचं मूळ जपानमध्ये आहे. आपल्याकडचे हे टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. तो आला १५ जुलै १९८३ ला. त्याचे दोन्ही कंट्रोलर कन्सोललाच कायमचे जोडलेले होते, आणि दुसऱ्यावर स्टार्ट-सिलेक्टऐवजी चक्क मायक्रोफोन होता. नक्कल करणाऱ्यांनी मायक्रोफोन काढला, बटणं परत दिली नाहीत. अमेरिकेत १९८५ ला तेच यंत्र एनईएस नावाने गेलं तेव्हा काढता-घालता येणारा ७ पिनांचा प्लग आला. आपल्या नकलांना मात्र ९ पिनांचा. तो बाजारात सहज मिळणारा, म्हणून स्वस्त. या प्लगबद्दल पुढे बरंच रडायचं आहे, असा माझा अंदाज आहे.

९ पिनांपैकी वायरी पाचच. चालू रिमोटच्या पटऱ्यांवरून मीटरने बीप-बीप करत शोधलेलं: २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ वर ५ व्होल्ट, ८ ग्राउंड. हे माझ्या कन्सोलचं. दुसऱ्या नकलेत वेगळं असू शकतं, म्हणून कुणी हे वाचून करत असेल तर त्याने आपल्या पाटीवर मोजूनच घ्यावं.

१५ जून, रविवार

आठ बटणं आणि पाच वायरी. त्यातही दोन वायरी विजेच्या, म्हणजे बोलायला तीनच. कसं जमतं ते कागदावर उतरवून घेतो, पुढे लागेल.

आत असते ती शिफ्ट रजिस्टर. खऱ्या निन्टेंडो कंट्रोलरमध्ये ४०२१ नंबरची चिप असते, माझ्यात त्याच कामाचा टिक्का. रेशनच्या दुकानातली रांग डोळ्यांपुढे आणा. कन्सोल लॅचची वायर वर नेतो, म्हणजे रांगेतले आठही जण आहेत तिथे उभे राहतात आणि कोण आलंय, कोण नाही याची नोंद होते. लॅच खाली आली की खिडकीतून हाक सुरू होते. पहिला ए, तो आधीच खिडकीशी उभा असतो. कन्सोल त्याला वाचतो, क्लॉकला एक टिचकी मारतो, रांग एक पाऊल पुढे. मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. हा क्रम कधीच बदलत नाही. आठवं झालं की संपलं. दर फ्रेमला हे नव्याने. आपल्या पॅल टीव्हीवर फ्रेम सेकंदाला ५०, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक रांग.

आणि सगळं उलटं. बटण दाबलं की वायरवर शून्य, सोडलं की ५ व्होल्ट. हे विसरून मी अर्धा तास चुकीच्या पटरीवर शंका घेत होतो.

२१ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. लोअर परळवरून स्लो पकडली, ग्रँट रोडला उतरलो. पावसात फुटपाथवर प्लास्टिकच्या चादरी, खाली रिमोट, वर रिमोट, सगळे टीव्हीचे आणि एसीचे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन.

दुकानातल्या काकांना सीडी ४०२१ मागितली. त्यांनी न बघता मागच्या खणात हात घातला आणि विचारलं, “टीव्ही गेमचा रिमोट का?” म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, “या चिपचं दुसरं गिऱ्हाईक राहिलंय कोण!” तीन घेतल्या. एक जळणार हे गृहीत. शिवाय ९ पिनांचे प्लग नर-मादी दोन्ही, झिरो पीसीबी, दहा किलोओमचे रेझिस्टर पाकीटभर, रिबन वायर.

२२ जून, रविवार

दुसऱ्या रिमोटचा टिक्का पटऱ्या कापून वेगळा केला आणि त्याच्या जागी ४०२१ उलटी झोपवली. जोडणी: चिपच्या पाय १ ला ए, १५ ला बी, १४ सिलेक्ट, १३ स्टार्ट, ४ वर, ५ खाली, ६ डावं, ७ उजवं. पाय ९ लॅच, १० क्लॉक, ३ मधून डेटा बाहेर, १६ ला ५ व्होल्ट, ८ ग्राउंड. पाय ११ हा रांगेच्या शेवटाला काय भरायचं ते ठरवतो, तोही ग्राउंडला.

वरच्या प्लास्टिकला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडलं. सुबक नाही. टीव्हीच्या जुन्या रिमोटमधलं रबर कापून खाली बसवलं.

चाललं! म्हणजे पाच मिनिटं चाललं.

६ जुलै, रविवार, आषाढी

दोन आठवडे ऑफिसने खाल्ले. आज उपास, साबुदाणा आणि भुताटकी. दुसऱ्या रिमोटला हात न लावता खेळाडू आपोआप डावीकडे चालतो. हात जवळ नेला की उडी मारतो. भाच्याला वाटलं मी हवेतून खेळवतोय, आणि मी ती समजूत तासभर तशीच राहू दिली.

कारण लाजिरवाणं आहे. बटण दाबलं की पाय ग्राउंडला जातो, ठीक. पण सोडल्यावर तो कुठे जातो? कुठेच नाही. लोंबकळतो. ४०२१ सीमॉस चिप आहे, तिच्या इनपुटला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे लोंबकळणारा पाय अँटेना होतो. त्यात जुलैची मुंबई. पाटीवर दमट हवेचा पापुद्रा, घामेजलेलं बोट, ट्यूबलाइटची गुणगुण, सगळं बटण म्हणून मोजलं जातं. प्रत्येक पायाला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर हवा. ते पाकीटभर मी आणलेलेही होते आणि ड्रॉवरमध्ये टाकले होते. टिक्क्याच्या आत ते आधीच असणार, म्हणून पाटीवर दिसत नाहीत आणि नक्कल करणारा माझ्यासारखा त्यात फसतो.

आठ रेझिस्टर लावले. भूत गेलं. भाचा नाराज.

१२ जुलै, शनिवार

आजची नोंद मोठी, कारण एक रिमोट जवळजवळ गेला.

शेजारच्या खोलीतला मित्र त्याचा सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड घेऊन आला. ९ पिन. माझ्या कन्सोलला अगदी चपखल बसला, लहानपणी आम्ही हाच उद्योग करायचो म्हणाला. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत स्विच दाबून झाला होता. गेम चालू, पॅड मुका. मिनिटभराने तोच म्हणाला, अरे हा गरम होतोय.

रात्री वही घेऊन बसलो. हा ९ पिनांचा प्लग घराघरात नेला तो अटारीने, १९७७ च्या व्हीसीएसने, ज्याला पुढे २६०० म्हणू लागले. त्यांची कल्पना अगदी साधी, रिमोटमध्ये चिपच नाही. पिन १ वर, २ खाली, ३ डावं, ४ उजवं, ६ फायर, ८ ग्राउंड. दांडा ढकलला की ती पिन ग्राउंडला चिकटते. एका बटणाला एक वायर. पिन ७ ला ५ व्होल्ट. ते लागतात गोल फिरवायच्या पॅडलला, ज्यात नुसता व्हॉल्यूमसारखा पॉट असतो आणि त्यातून कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो यावरून कन्सोल कोन ओळखतो. मला ही युक्ती फार आवडते. मोजायचं काही साधन नाही म्हणून वेळच मोजायचा.

सेगाने १९८८ ला मेगा ड्राइव्हला तोच प्लग ठेवला, पण चार दिशा, ए, बी, सी आणि स्टार्ट मिळून बटणं आठ झाली आणि वायरी पुरेनात. मग पॅडमध्ये ७४एचसी१५७ ही सांधा बदलणारी चिप. पिन ७ आता वीज नाही, ती निवड करणारी वायर. कन्सोल ती वर धरतो तेव्हा पिन ६ आणि ९ वर बी आणि सी, खाली धरतो तेव्हा त्याच पिनांवर ए आणि स्टार्ट. वीज गेली पिन ५ ला. पुढे सहा बटणांचा पॅड आला तर तीच निवड-वायर भराभर वर-खाली करून जास्तीची बटणं बाहेर काढली.

आता माझा कन्सोल. त्याची वीज पिन ६ वर. सेगा पॅडच्या हिशोबाने पिन ६ म्हणजे चिपचं आउटपुट. म्हणजे आम्ही चिपच्या तोंडात ५ व्होल्ट कोंबले, आणि तिच्या खऱ्या विजेच्या पिनेला काहीच नाही. आउटपुटच्या आतल्या डायोडमधून वीज मागच्या दाराने शिरली, चिप अर्धवट जागी झाली, आणि मग ते आउटपुट खाली ओढायला लागली तेव्हा सरळ मारामारी. गरम होणारच.

पॅड वाचला, मित्राच्या कन्सोलवर तपासून आलो. पण अटारी, सेगा आणि आपला टीव्ही गेम, तिघांचा प्लग एक, आणि प्रत्येकाची वीज वेगळ्या पिनेवर: ७, ५, ६. ग्राउंडची ८ तेवढी तिघांची एक. चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच कडी असली म्हणून कुणी कुणाच्याही घरात जेवायला बसत नाही. माझ्या प्लगला आजच लाल नेलपॉलिश लावलं.

२६ जुलै, शनिवार

या तारखेला मुंबईत पाऊस पडला की जुने लोक खिडकीपाशी येतात. आज वीस वर्षं झाली. आई दर अर्ध्या तासाने खाली डोकावते.

मी स्वस्तातला आठ चॅनलचा लॉजिक अनालायझर लावून बसलोय. सेकंदाला २.४ कोटी वेळा वायर बघतो, या कामाला चिक्कार. दिसलेलं असं: लॅच वर राहते तीन मायक्रोसेकंदांहून थोडी जास्त. मग क्लॉकच्या आठ टिचक्या, दोन टिचक्यांत सुमारे ८ मायक्रोसेकंद. प्रत्येक टिचकी मात्र अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास, डोळा लवायच्या आत.

हिशोब जुळतो. माझ्यासारख्या पॅल नकलांचा प्रोसेसर साधारण १.७७ मेगाहर्ट्झवर पळतो, एक ठोका ०.५६ मायक्रोसेकंदाचा. डेटा वाचणं, सरकवणं, ठेवणं, परत वळणं, या चार आज्ञांचे मिळून चौदा ठोके, म्हणजे ७.९. क्लॉकची टिचकी वेगळी कुणी मारत नाही. प्रोसेसर ४०१६ या पत्त्यावरून वाचतो त्या वाचण्याचीच ती सावली आहे. दुसऱ्या रिमोटसाठी ४०१७. वाचलं की रांग सरकली. इतकं काटकसरी डिझाइन पाहिलं की आजचे सेटिंग मेनू बघून लाज वाटते.

एक गेम एकाच फ्रेममध्ये दोनदा रांग लावतो. मूळ फॅमिकॉमच्या चिपमध्ये एक खोड आहे, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवताना मध्येच एखादी जादा टिचकी पडते आणि रांगेतला एक जण गाळला जातो. म्हणून जाणते प्रोग्रामर दोनदा वाचून ताडून बघायचे.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

राखी. धाकटी आली, नारळीभात झाला. मी ओवाळणीच्या ताटात रिमोट ठेवला. तिने भोक बघितलं, बोट फिरवलं, म्हणाली, “दादा, हे उंदराने केलंय का?”

दोघं खेळायला बसलो. माझा खेळाडू खड्ड्यावर आला, तिने स्टार्ट दाबलं.

काही झालं नाही.

परत दाबलं. परत. “पस्तीस वर्षांची झाले मी,” ती म्हणाली.

अनालायझर लावला. तिच्या वायरवर चौथी जागा नीट शून्य होतेय. रिमोट बरोबर बोलतोय. ऐकायलाच कुणी नाही.

१० ऑगस्ट, रविवार

रात्रभर डोक्यात तेच. कारण खरं तर १४ जूनच्या नोंदीतच लिहिलंय. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्ट नव्हतंच, मग गेम लिहिणाऱ्याने त्याच्या चौथ्या जागेकडे बघायचं कशाला? चिपने सांगितलं, वायरने नेलं, कन्सोलने वाचलं, आणि गेमने ते फेकून दिलं. माझं भोक, खिळा, रेझिस्टर, सगळं त्या एका न लिहिलेल्या ओळीपाशी अडलं.

कॅसेटमधला प्रोग्राम बदलायचा नाही, ते मला फसवणूक वाटते. मग उरतं एकच. तिचं स्टार्ट माझ्या वायरवरून न्यायचं.

ही युक्ती जुनीच आहे. फॅमिकॉमला समोर १५ पिनांचा जादा पोर्ट होता, बाहेरचे कंट्रोलर तिथे लागत. ते वाचताना वेगळ्या बिटवर यायचे, आणि पुष्कळ गेम दोन्ही बिट एकत्र धरायचे, कुणीही दाबलं तरी चालेल. मी तेच कन्सोलच्या बाहेर करणार. दोन्ही रिमोट एका डबीत शिरतील, डबी दोघांचं ऐकेल आणि कन्सोलला दोन नवे रिमोट असल्याचं भासवेल. मधला दलाल. फरक एकच: दुसऱ्याचं स्टार्ट पहिल्याच्या नावावर.

१६ ऑगस्ट, शनिवार, गोपाळकाला

खाली डीजे, वर मी. घरात आर्डुइनो नॅनो, प्रोग्राम करता येणारी छोटी पाटी, पडली होती, तिच्यावर पहिला प्रयत्न. लॅच आणि क्लॉक दोन्हींना इंटरप्ट, म्हणजे वायर हलली की चालू काम सोडून तिकडे धावायचं; टिचकी पडली की पुढची जागा डेटावर ठेवायची.

लक्षण: ए दाबलं की बी लागतं. बी दाबलं की सिलेक्ट. उजवं दाबलं की काहीच नाही. अख्खी रांग एक पाऊल मागे. आठव्याची पाळी येईपर्यंत खिडकी बंद.

म्हणजे डबी उशिरा उत्तर देतेय. नॅनोला इंटरप्टच्या खोलीत शिरायलाच दोन-तीन मायक्रोसेकंद, त्यात पिन हलवायची नेहमीची सोपी आज्ञा आणखी तीन-चार खाते, शिवाय माझा कोड. सगळे मिळून ८ च्या पलीकडे. कन्सोल कुणासाठी थांबत नाही. तो विचारून निघून जातो, विरारच्या फास्टसारखा. चिपच्या रजिस्टरवर थेट लिहिलं असतं तर कदाचित जमलं असतं, पण दोन-दोन पोर्ट सांभाळायचे तर धाप लागणार. नॅनो परत ड्रॉवरमध्ये.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने लोकल थांबल्यात, काम घरून. म्हणजे काम थोडं.

रास्पबेरी पाय पिको. २०२१ ला आलेली छोटी पाटी, आणि तिच्यात नेमकं मला हवं ते: पीआयओ. मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या आठ चिमुकल्या यंत्रणा, प्रत्येकीला पिना बघणं आणि हलवणं एवढंच काम. लॅच येईपर्यंत थांब, एक बिट बाहेर टाक, क्लॉक परत वर जाईपर्यंत थांब, पुढचा बिट टाक. दहा-बारा आज्ञा. १२५ मेगाहर्ट्झवर एक आज्ञा ८ नॅनोसेकंदांची. कन्सोलच्या ८ मायक्रोसेकंदांत हिच्या हजार आज्ञा होतात. दोन पोर्टला दोन यंत्रणा, आणि सहा रिकाम्या बसल्यात.

अडचण व्होल्टची. पिको ३.३ ची, तिच्या पायावर ५ व्होल्ट चालत नाहीत. कन्सोलकडून येणाऱ्या लॅच आणि क्लॉकला दोन रेझिस्टरची वाटणी केली, १ आणि २ किलोओम, ५ चे ३.३ झाले. उलट दिशेला पिकोचे ३.३ कन्सोलला पुरतात का? बऱ्याचदा पुरतात. पण ५ व्होल्टवरच्या साध्या सीमॉस इनपुटला ३.५ तरी लागतात, म्हणजे हे नापासाच्या उंबरठ्यावरचं प्रकरण, थंडीत चालेल आणि मे महिन्यात रुसेल. मध्ये ७४एचसीटी१२५ ही सिग्नल पुढे देणारी चिप घातली. त्या ‘टी’ला २ व्होल्टही पुरतात आणि ती ५ काढून देते. एका अक्षराचा फरक, दुकानात मागताना स्पष्ट बोलावं.

रिमोटच्या बाजूला मात्र काहीच लागलं नाही. ४०२१ ला ३ व्होल्टपासून पुढे सगळं चालतं, सरळ ३.३ दिले. पहिल्या रिमोटचा टिक्काही चालला. त्याच्या टर्बोचा, म्हणजे धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबल्या जाणाऱ्या बटणाचा, वेग तेवढा बदलला.

२३ ऑगस्ट, शनिवार

चालतंय, पण मारिओ भांग प्यायल्यासारखा. उडी दाबल्यावर किंचित थांबून उडतो. आईने बघून सांगितलं, “तो तुझं ऐकतोय, पण उशिरा.” तिचं निदान माझ्यापेक्षा लवकर झालं.

पीआयओला माल पुरवायच्या रांगेत चार शब्द मावतात. माझा मुख्य कोड दर मिलिसेकंदाला रिमोट वाचून तिथे टाकत होता, चार भरले की थांबत होता. कन्सोल मात्र फ्रेमला एकच उचलणार. म्हणजे त्याच्या हातात कायम चार फ्रेम जुनी बातमी, ८० मिलिसेकंद शिळी. मिलिसेकंदाला ताजा भाजी बाजार भरवून गिऱ्हाईकाला कालची मेथी.

उपाय: आधीपासून काही भरायचंच नाही. लॅच चढली की पीआयओने हाक मारायची, त्या क्षणी हाताशी असलेलं सर्वांत ताजं द्यायचं. लॅच वर असते त्या तीन-साडेतीन मायक्रोसेकंदांत पिकोचे चारशे ठोके बसतात, भरपूर. दोनदा वाचणारा गेमही शांत झाला.

जाता जाता बंदूक. डबी काढून दुसऱ्या पोर्टला लावली, कारण प्रकाश आणि चाप या दोन वेगळ्या वायरी आहेत, डबीला त्या माहीत नाहीत. पिक्चर ट्यूबवर बदकं पडली. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, बंदुकीतल्या डोळ्याला तो दिसला तर लागली. बल्बकडे धरून फसवता येत नाही, कारण काळ्या पडद्यावरही उजेड दिसला तर गेम समजून चुकतो. बहिणीच्या एलसीडीवर हे कधीच चाललं नाही. तो टीव्ही चित्र आधी चावतो, मग दाखवतो, तोवर गेमने बघून झालेलं असतं. ट्यूब गेली की बंदूक गेली.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

रात्रीचा एक. गौरी सजल्यात, घावन-घाटलं संपलं, मोठ्यांचे पत्ते गॅलरीत. खोलीत टीव्हीभोवती नऊ जण. डबी साबणाच्या प्लास्टिक डबीतच बसवली, वेळ उरला नाही. खालून लालबागची गर्दी, चोवीस तास.

धाकटी दुसऱ्या रिमोटवर. मी पहिल्यावर, शेवटचा टप्पा, शेवटचा जीव. मी धावत आलो, उडी घेतली, आणि हवेत असताना चित्र गोठलं.

“पाणी पिऊन येते,” ती म्हणाली. उठली, माठाकडे गेली, सावकाश प्यायली, मग गौरीपुढची समई सारखी केली, आईला काहीतरी विचारलं. मारिओ खड्ड्यावर लोंबकळत. मी माझं स्टार्ट दाबायला गेलो, तर भाच्याने हात धरला.